हळदीच्या फडक्यावर लाल पंजा

देवराव मुकादमाच्या खळ्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं तणसीच्या ढिगावर चढून बसली होती. मिरचीचा टेम्पो दोन दिवसांआधी तेलंगणातून परतला होता. आमच्या कुरखेड्याकडच्या गावांतून दरवर्षी माघात बाया-माणसं तिकडे मिरची तोडायला जातात आणि चैतात परततात. मजुरीत नोटा थोड्या, मिरचीची पोती जास्त. म्हणून चैतात आमच्या गावात शिरलं की आधी ठसका लागतो, मग घरं दिसतात. त्या दिवशीही अर्धं खळं खोकत होतं.

मधोमध दोन बल्ल्यांना दोरी बांधून तिच्यावर पिवळीजर्द फडकी टांगली होती. त्यांच्या खाली हळदीबाबा बसला होता. वय चाळीस, ढेरी पन्नासची. कुठून आला विचारलं तर आभाळाकडे बोट दाखवायचा, पण चपला कुरखेड्याच्या बाजारातल्या होत्या.

"मशीन झूठ बोलती है, माई," तो म्हणत होता. "सुई झूठ बोलती है. डाक्टर को तो झूठ की पगार मिलती है. हल्दी झूठ नहीं बोलती. बड़ी बिमारी जिसके अंदर, उसका पंजा लाल. जो साफ, उसका पीला का पीला."

बडी बिमारी म्हणजे एचआयव्ही. गावात कोणी नाव घेत नव्हतं. आदल्या वर्षी टेम्पोतून आलेल्या दोघांना निघाली होती, आणि बाया आपल्या नवऱ्यांना पुन्हा पाठवायला कुरकुर करत होत्या. माणसं गेली नाहीत तर मुकादमाचं कसं चालायचं? बाबा देवरावनेच आणला. हे मला नंतर कळलं असं सांगता आलं असतं. पण तेव्हाच कळत होतं.

पहिला उठला पोचू. हात ओला करून त्याने पंजा फडक्यावर दाबला. हात उचलला तर पिवळ्यावर पाच बोटं लाल. कोंबडं कापल्यावर उमटतात तशी. माणसं मागे सरली. पोचूचं तोंड पांढरं पडलं.

बाबाने एक मडकं पुढे ओढलं. "डरो मत. अमृत है." त्यातलं पाणी पोचूच्या हातावर ओतलं, काही पुटपुटला, आणि तोच ओला हात त्याच लाल डागावर दाबायला लावला. लाल विरलं, पिवळं वर आलं. "गया," बाबा म्हणाला. जशी माशी उडवली.

एक कोंबडा आणि पायलीभर मिरची, इतक्यात माणूस बरा होत होता.

आमच्या गावची आशा सेविका स्वाती मागे उभी होती. ती म्हणाली, "बाबाजी, ही बिमारी रक्तात राह्यते. रक्त तपासल्याशिवाय कशी कळन?" कोणी ऐकलं नाही. ती पुन्हा बोलायला लागली, तेव्हा मीच तिच्याकडे वळली.

"गप बस, पोरी. मोठ्यांच्या मधात बोलू नोको."

गावात माझा शब्द चालतो. मी अंजनाबाई. बावीस वर्षांपासून धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायांची टोळी मी चालवते. धानाच्या कोणत्या तुकड्यात, कोणत्या बांधीत किती बाया उतरतील, कोण कोणाच्या शेजारी उभी राहील, ते मी ठरवते. मी गप म्हटलं की स्वातीसारखी शिकलेली पोरगीही गप बसते. ती बसली.

मी तसं का म्हटलं, ते सांगते. रांगेत माझा पवन उभा होता.

पवन माझा एकुलता एक. तीन सालं मिरचीला गेला. आदल्या चैतात परतला तो वाळून, खोकत. मिरचीचा ठसका दोन दिवसांत जातो, हा गेला नाही. ग्रामीण रुग्णालयात नेलं. छातीत टीबी निघाला आणि रक्तात ते. त्याने मलाच सांगितलं, गोठ्यात, गाईच्या आड उभा राहून. मी विचारलं नाही कोणापासून. तिकडे अडीच महिने ताडपत्रीखाली राहायचं, संध्याकाळी ताडी, हायवेचे ढाबे. कोणी राजीखुशीने जातं, कुण्या बाईला कोणी विचारतही नाही. मला सगळं ठाऊक होतं. पहिल्या वर्षी स्वाती टेम्पोजवळ निरोधची पाकिटं वाटत होती, तेव्हा पोरं त्याचे फुगे करून उडवत होती आणि मी हसली होती. हेही ठाऊक आहे.

सून रिना. तिचं रक्त तेव्हा साफ निघालं. रुग्णालयात दोघांना बसवून समजावलं. पवनने रोज एक गोळी घ्यायची, टीबीच्या वेगळ्या, आणि निरोध वापरायचा. गोळी सुरू राहिली तर माणूस आपली उमर जगतो. पवन गोळी घेत होता. अंगावर मास येत होतं.

मग खळ्यावर त्याची पाळी आली. त्याने पंजा दाबला, उचलला. फडकं पिवळंच.

"साफ," बाबा म्हणाला.

पवनने माझ्याकडे पाहिलं. दहा वर्षांचा असताना विहिरीतून बादली काढून दाखवायचा, तसा.

आता जे सांगते ते लिहायला मला एक साल लागलं. पोचूचा पंजा लाल झाला, त्याच घडीला मला खेळ समजला होता. पन्नास वर्षं मी हळदीचे डाग धुतले आहेत. लुगड्यावर भाजीचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे कोणत्या बाईला ठाऊक नाही? चुना लागला तरी लाल. पोचू दिवसातून वीस वेळा तळहातावर तंबाखू-चुना मळतो. ज्याचा ज्याचा हात लाल झाला, तो तो तंबाखू मळणारा. माझा पवन तंबाखूला शिवत नव्हता. मी त्याचा अभिमान बाळगायची. बिनव्यसनी पोरगा म्हणून त्याचा हात पिवळा राहिला.

मला सगळं समजलं, आणि मी चूप बसली. कारण पिवळं निघालं होतं, आणि मला पिवळंच पाहिजे होतं.

त्याच रांगेत बुधरी होती. गावाच्या टोकाला तिचं घर, नवरा लालसू. ती बिचारी जेवणाची भांडी राखेने घासून तशीच आली होती. राख चुन्याची बहीण. तिचा पंजा लाल झाला. बाबा म्हणाला, कोंबडा आण.

बुधरी म्हणाली, "मले काई झालं नाई. कायचा कोंबडा?"

"माई, लाल है."

"तुयं फडकं लाल झालं. मी नाई झाली."

तिने उतारा घेतला नाही. ज्यांनी कोंबडा दिला ते सगळे त्या दिवशी बरे झाले, आणि जी शहाणी होती तीच रोगी ठरली. लालसूने तिला शेतातल्या खोपटात ठेवलं. आषाढात रोवणी लागली. बाया म्हणाल्या, एका बांधीच्या पाण्यात तिच्यासंगं उतरलो तर आपल्याले लागन. पाण्यातून लागत नाही, हे स्वाती सांगत फिरली. टोळीची मालकीण मी. मी म्हटलं, "यंदा राहू दे बुधरीले." इतकंच. त्या साली बुधरीच्या हाताला धानाचा रोवा लागला नाही.

पवनने गोळ्यांचा डबा उकिरड्यात टाकला. निरोधही टाकले. रिना म्हणाली, "आई, दवाखान्यात एकदा दाखवून येऊ, मग टाका." मी म्हटलं, "त्याले साफ म्हटलं ना सगळ्यांसमोर?" स्वाती तीनदा घरी आली. तिसऱ्यांदा मी दार लावून घेतलं.

कार्तिकात पवन गेला. धान कापणीला आलं होतं. लोकांना आम्ही कावीळ सांगितली. मी रडली नाही. बायांना वाटलं, अंजनाबाई मोठ्या काळजाची. काळजाचं मला ठाऊक नाही. चौदा बाया आल्या होत्या, चौदा कप चहा केला, मग कप धुतले. तेव्हापासून हात चालतात, बाकीचं चालत नाही.

तेव्हा रिनाला चवथा महिना लागला होता. मार्गशीर्षात तपासणीला नेलं. या वेळी तिच्या रक्तात निघालं.

मी स्वातीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाई, लेकराचं अजून काई बिघडलं नाई. रिनाने रोज गोळी घेतली, बाळंतपण दवाखान्यात झालं, लेकराले जनमल्याबरोबर औषध पाजलं, तं बहुतेक लेकरं साफ निघतात. पण गोळी चुकली नाई पाह्यजे. एक दिवस नाई."

रिना गोळी घ्यायला लागली. तिला मळमळायचं. वीस वर्षांची पोरगी, नवरा मेलेला, पोटात लेकरू, आणि बाहेर कोणाला सांगायची सोय नाही. मीच ठेवली नव्हती. रोज जेवणानंतर ती गोळी हातात घेऊन बसायची, मी समोर बसायची. गिळली की उठायची. आमच्यात दुसरं बोलणं राहिलं नव्हतं.

माघ लागला आणि हळदीबाबा पुन्हा आला. मुकादमाचा टेम्पो निघायचा होता. जाण्याआधी सगळे तपासून घ्या, अशी दवंडी.

सकाळी रिना लुगडं बदलून उभी.

"कुठी निघाली?"

"खळ्यावर."

"कायले?"

"आई, पिवळा निघाला तं गोळी नाई घेत मी. मले नाई होत आता."

मी तिचे हात पाहिले. भांडी सकाळी मीच घासली होती. तिचे हात स्वच्छ होते. पिवळा निघणार होता. म्हणजे ती आज संध्याकाळपासून गोळी घेणार नव्हती.

तिला समजावलं असतं तर तिने ऐकलं नसतं. का ऐकावं? मागच्या वर्षी हीच म्हणाली होती दवाखान्यात दाखवू, आणि मीच तोंड बंद केलं होतं. मी म्हटलं, "चाल. मीही येते." आणि चुलीजवळून पिशवी भरली.

खळं तसंच भरलेलं. तीच फडकी, तोच बाबा, ढेरी वीतभर पुढे. "पिछले साल जो पीला निकला, वो आज भी पीला," तो सांगत होता. रिना रांगेत शिरली. मी तिला बाजूला केलं आणि पुढे गेली.

"आधी माया हात पाहा."

देवराव हसला. "अंजनाबाई, तुमाले काय करायचं या उमरीत?"

"तुया बाबा पाहून राह्यला फुकटात, तं मीही पाहते."

डाव्या तळहाताला मी घरीच चुना चोळून आली होती. ओला करून दाबला. लाल पंजा उमटला, पोचूपेक्षा ठळक. 

बाबाने मान हलवली. "माई, बडी बिमारी."

"कोणापासून लागली? माया नवरा मरून बावीस सालं झाली."

"हवा से भी लगती है, माई."

"बरं. आता उजवा पाहा." उजवा हात मी चिंचेच्या पाण्याने धुवून आली होती. दाबला. पिवळाच. "म्हंजे बिमारी डाव्या हातात हाय, उजव्यात नाई. नाकापासून अर्धं अंग साफ दिसते मायं. कोंबडा अर्धाच देऊ का?"

मागे कोणी तरी फिसकन हसलं. बाबाने देवरावकडे पाहिलं.

मी पिशवीतून कपडे धुवायचा साबण काढला, ओला केला आणि फडक्यावर दाबला. लाल चौकोन उमटला, काठासकट.

"घ्या," मी म्हटलं. "साबणालेही झाला. आता हा कोणाजवळ गेला होता, ते इचारा बाबाले."

मग चुलीतली राख काढली. ओली चिमूट फडक्यावर ठेवली. लाल. पोचूच्या खिशातली चुन्याची डबी मागितली, बोटभर लावला. लाल. चिंचेचं पाणी टाकलं. पिवळं. बाबा म्हणाला, माझ्या मडक्यात अमृत आहे, चिंच नाही. मी मडक्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. "निंबू हाय. मीठ टाकलं असतं तं सरबत झालं असतं."

आता लोक हसत होते. बाया जास्त. प्रत्येकीने हा डाग आपापल्या लुगड्यावर पाहिलेला होता. घरी पाहिलेलं खळ्यावर ओळखू आलं नव्हतं, कारण इथं ते बाबाच्या हातात होतं.

"चुना लाल करते, साबण लाल करते, राख लाल करते," मी म्हटलं. "आंबट टाकलं का परत पिवळं. बिमारीचं आणि हळदीचं काई घेणंदेणं नाई. तंबाखू मळणारा लाल, न मळणारा पिवळा. भांडे घासणारी लाल. इतकीच इद्या हाय या बाबाची."

देवराव उठला. "अंजनाबाई, मग तुया पवन पिवळा निघाला तो? साफच होता ना? काविळीने गेला ना?"

त्याला वाटलं, इथं मी थांबेन. मलाही वाटलं. खळ्यावर दोनशे माणसं असतील. माझ्या बौद्ध घरात फोटोसमोर मेणबत्ती लागते, अंगारा-धुपारा शिरत नाही, असं मी चाळीस वर्षं ताठ मानेने सांगत आली. रिना माझ्याकडे पाहत होती.

"पवन काविळीने नाई गेला," मी म्हटलं. "त्याले एचआयव्ही होता, टीबी होता. दवाखान्याच्या गोळीनं सुधरून राह्यला होता. याच फडक्यावर पिवळा निघाला म्हणून गोळी सोडली, आणि मेला. हा खेळ मले त्याच दिवशी समजला होता. मी बोलली नाई."

 बाबा फडकी गोळा करायला लागला. पोचूने त्याचं मडकं उपडं केलं, मारामारी झाली नाही. स्वातीने आधीच फोन लावला होता. पोलिस येईपर्यंत पोरांनी बाबाला तणसीवर बसवून ठेवलं आणि त्याच्याच फडक्यावर त्याचे पंजे उमटवले. डावा लाल निघाला. तंबाखू खात होता.

गर्दीच्या कडेला बुधरी उभी होती. मी तिच्याजवळ गेली.

"बुधरी, तुया हात राखेनं लाल झाला होता. मले ठाऊक होतं."

तिने मला वरून खाली पाहिलं. "आता सांगून राह्यली, बाई? दहा महिने झाले." आणि ती निघून गेली. बरोबरच होतं.

संध्याकाळी रिना जेवली, गोळी हातात घेतली. मी समोर बसली. तिने गिळली, पाणी प्याली, आणि पहिल्यांदा बोलली. "आई, उद्यापासून तुमी बसू नका समोर. मी घेते." ती उठून आत गेली.

टेम्पो चार दिवसांनी निघाला. या वेळी आधी सगळ्यांचं रक्त तपासायला रुग्णालयाची गाडी आली. देवरावला नको होतं, पण बाया तपासल्याशिवाय चढेनात. बुधरीचं रक्त साफ निघालं. दोघांना निघाली, ते गोळी घेऊन राह्यले आहेत. नावं सांगणार नाही, स्वातीही सांगत नाही, आणि तुम्हीही विचारू नका. प्रत्येकाच्या शिदोरीत चटणीसोबत मी निरोधचं पाकीट ठेवलं. एकाने तोंड लपवलं. मी म्हटलं, "लाजू नोको. फुगा करशीन तं परतल्यावर कान पिरगाळीन."

रिना चैतात रुग्णालयात बाळंत झाली. मुलगी. तिला जन्मल्याबरोबर औषध पाजलं. सहा आठवड्यांचं रक्त साफ आलं. अठरा महिन्यांचं शेवटचं बाकी आहे. स्वातीने कागद वाचून दाखवला तेव्हा मला आनंद झाला का, ते मला ठाऊक नाही. मी कागद घडी करून डब्यात ठेवला आणि भांडी घासायला बसली.

आता रोवणी लागली आहे. बुधरी टोळीत आली. मी बोलवायला तिच्या खोपटापर्यंत दोनदा गेली, तिसऱ्यांदा ती आपणच आली. बांधीत उतरते, माझ्या शेजारी उभी राहत नाही. चार बाया सोडून राहते. ओळ मी ठरवते, पण तिची जागा तिनेच ठरवली आहे.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं थोडंच आहे. मी चौथी शिकली. ही बिमारी कशी लागते, ते चौथी शिकलेल्यालाही समजते. निरोधाशिवाय संबंध, बिमारीवाल्याचं रक्त, एकाची सुई दुसऱ्याला, आणि आईकडून लेकराला. बांधीच्या पाण्याने लागत नाही, ताटाने लागत नाही, हवेने लागत नाही. रक्तात असते, रक्तातच शोधा. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे, गोळी फुकट आहे. हळद भाजीत घाला. आणि कोणी लाल-पिवळं करून दाखवत असेल, तर घरून साबण घेऊन जा. तुम्हाला समजलं असेल, तर त्याच दिवशी बोला. तुमच्या घरचा हात पिवळा निघाला असेल, तेव्हा तर आधी बोला.